माईक चालू राहिला

सून दार लोटून दिवसभर संगणकाशी बोलते आणि सासूसमोर आली की तोंडात मिठाची गुळणी धरते, ही मोठ्या बाईंची तक्रार होती. भेटेल त्याला त्या ती ऐकवत. टायपिंग करून करून सुनेची मनगटं कामातून गेली होती. पेला उचलला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून आता ती माईकसमोर बोलायची आणि बोललेलं पडद्यावर आपोआप लिहिलं जायचं. फ्रिजच्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची तिची नोकरी त्यावरच टिकली होती. बाईंना हे काम वाटतच नसे. बोलून कामं झाली असती तर आईने आजवर चार बंगले बांधले असते, असं त्यांचा लेक म्हणायचा, पण त्या आसपास नसताना.

त्या दुपारी बेल वाजली म्हणून सून दाराकडे गेली. बाई धुवायचे पडदे काढायला खोलीत शिरल्या, कानाला फोन, पलीकडे धाकटी बहीण.

"कसले हात दुखतात गं," बाई म्हणाल्या. "नाटकं नुसती. भांडी दिसली की हिची बोटं आखडतात. माझ्या लेकाच्या गळ्यात पांगळं लोढणं पडलंय."

सून परत आली. आपण सांगितलेला मजकूर तिने वरवर पाहिला आणि उत्तर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. फोन धरवत नसल्याने सून तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात ऐकायची. बाई तिथेच चादरींच्या घड्या घालत होत्या.

"तुमच्या उत्तराखाली काय गेलंय बघा," वरिष्ठ बाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळं वाचून दाखवलं. ना राग, ना चेष्टा. भाजीची यादी वाचावी तसं. 'पांगळं लोढणं'पाशी त्या जरा अडखळल्या. बाईंचे हात चादरीवरच थबकले.

"माझं चुकलं, मॅडम. माईक बंद करायचा राहिला."

"पण हे बोललं कोण?"

सुनेने एकदा बाईंकडे पाहिलं. "टीव्ही चालू होता."

"पुन्हा असं झालं तर तुमचं काम मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

फोन बंद झाला. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हेच बोल बहिणीला ऐकवताना त्यांना कोण गंमत वाटली होती.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"काय सांगू, आई? घरात मला असं म्हणतात, हे सांगू?"

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. माफी मागायची सवय जिभेला नव्हती. आताही ती वळेना. सुनेच्या पट्ट्या बांधलेल्या मनगटांकडे बघवत नव्हतं, म्हणून त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"चुकलीस तू," त्या म्हणाल्या. "माझी अब्रू झाकायला स्वतःची नोकरी पणाला लावलीस, हे मला चालायचं नाही. लाव परत फोन त्या बाईंना. टीव्ही नव्हता, सासू होती, हे मी माझ्या तोंडाने सांगते."