तिऱ्हाईताचे नऊ लेख

तिऱ्हाईताला शोधून काढायचं हे बाईंनी खरं तर सूड म्हणून ठरवलं होतं. चारचौघांत त्या त्याला संशोधन म्हणायच्या.

बाई कॉलेजात साहित्य शिकवायच्या, आणि जोडीला सिनेमाचाही एक वर्ग घ्यायच्या. मुलं त्यांना टरकून असत, कारण कवितेतला एक स्वल्पविराम त्या तासभर पुरवायच्या. त्यांचे वडील कादंबरीकार होते, नाव असलेले. आठ कादंबऱ्या, त्यातल्या दुसरीवर सिनेमा. पण प्रत्येक कादंबरी आली की वर्षभरात एका त्रैमासिकात तिच्यावर लेख यायचा, खाली सही 'तिऱ्हाईत'. सिनेमा धरून असे नऊ लेख झाले. भाषा थंड, शिवी एक नाही, पण वाचणाऱ्याच्या जिव्हारी लागावं असं. नवव्या लेखानंतर वडिलांनी काही छापलं नाही. पुढे अकरा वर्षं जगले, पण लेखक म्हणून जगाला संपल्यातच जमा होते.

घरात हे नाव शिवीसारखं होतं. दूध उतू गेलं, किल्ली हरवली की वडील म्हणायचे, "तिऱ्हाईतानं केलं असेल." आणि सगळे हसायचे. आईसुद्धा.

आता वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि समग्र कादंबऱ्यांचा संच निघत होता. बाईंनी चाळीस पानांची प्रस्तावना लिहिली होती. 'क्षुद्र, घरगुती आक्षेप घेणाऱ्या एका भेकड टीकाकारानं एका मोठ्या लेखकाला हात आखडता घ्यायला लावला,' हे त्यातलं त्यांचं लाडकं वाक्य. तळटीप तेवढी बाकी होती. तो भेकड कोण, एवढंच त्यांना तिथे लिहायचं होतं.

म्हणून त्या संगणक विभागातल्या सरांकडे गेल्या. कॉलेजात त्यांना सगळे मोजणीदार म्हणत. माणूस अबोल. लेखकांचे शब्द मोजून कोणतं लेखन कोणाचं हे सांगणारा एक प्रोग्राम त्यांनी तयार केला होता. बाईंनी पूर्वी एका सभेत त्यावर 'पोळ्या मोजून सुगरण ठरवतात का' असं म्हणून हशा मिळवला होता. मोजणीदारांनी तो विषय काढला नाही.

"कोणाकोणावर संशय आहे?"

"पाच जणांवर." बाईंनी यादी दिली. भांडण झालेला जुना मित्र, दोन प्राध्यापक, एक प्रकाशक, एक अपयशी कादंबरीकार.

"प्रत्येकाचं निदान दहा हजार शब्दांचं लेखन द्या. आणि ज्यांचा काहीच संबंध नाही, अशा तिघांचंही."

"ते कशाला?"

"यंत्र उगाच कोणाकडेही बोट दाखवत असेल तर कळायला हवं. नुसती भरती म्हणून घालायचे."

बाईंनी भरतीसाठी आपल्या प्रबंधातलं एक प्रकरण दिलं, शेजारच्या डॉक्टरांचं प्रवासवर्णन दिलं, आणि त्या वसतिगृहात असताना आईनं पाठवलेली पत्रं दिली. पन्नासेक पत्रं होती. ती त्यांनी स्वतः बसून टाइप केली. बटणं, औषधं, शेजाऱ्यांची मांजर, असलं सगळं. टाइप करताना त्यांची करमणूक झाली.

आठ दिवसांनी मोजणीदारांनी बोलावलं. सकाळची वेळ, प्रयोगशाळा रिकामी. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, मग उगाच चष्मा पुसत बसले.

"तुमच्या यादीतले पाचही नाहीत," ते म्हणाले. "जवळपाससुद्धा नाहीत."

"म्हणजे फुकट गेलं सगळं."

"तसं नाही." त्यांनी पडदा बाईंकडे वळवला. नऊ ठिपके एका जागी दाटीवाटीनं बसले होते, ते नऊ लेख. आणि त्यांना खेटून दुसऱ्या रंगाचे ठिपके. "हे भरतीतले आहेत. तुमच्या आईंची पत्रं."

बाई हसल्या. मोजणीदार हसले नाहीत, तेव्हा त्या थांबल्या.

"अहो, ती मांजराबद्दल लिहायची."

"कशाबद्दल लिहिलंय ते हे बघतच नाही. आपण नकळत वापरतो ते बारीक शब्द बघतं. 'बाकी', 'मुळात', 'निदान', किती वेळा आणि वाक्यात कुठे. 'च' कुठे लागतो. वाक्य किती लांब गेलं की मोडतं. बाई, हे नाव सांगत नाही. या आठ जणांत सगळ्यात जवळचं कोण, इतकंच सांगतं. लिहिणारी व्यक्ती आठांच्या बाहेरची असू शकते. पण मी तीनदा चालवलं. निम्मी पत्रं काढून पाहिली. तेच येतंय."

त्यांनी आभार मानले, दाराऐवजी कपाटाचं दार उघडलं, आणि मग नीट बाहेर पडल्या.

आपल्या खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी लावली. यंत्राचं यंत्रापाशी, आपण आपल्या पद्धतीनं वाचू, असं म्हणून त्यांनी एका बाजूला लेख आणि दुसऱ्या बाजूला पत्रं मांडली. हे काम त्या जन्मभर करत आल्या होत्या. चौथा लेख त्यांना तोंडपाठ होता, कारण 'घरगुती' हा शब्द त्यांनी त्यावरूनच वापरला होता. 'नायक तीनशे पानं हिंडतो आणि त्याच्या शर्टाचं एकही बटण तुटत नाही. बाकी, कोणीतरी ते लावत असणार. मुळात लेखकाला तो माणूस दिसलेलाच नाही.'

आणि पत्रात, त्याच वर्षीच्या: 'बाकी, निळ्या स्वेटरचं बटण सैल आहे, तुटायच्या आत लाव. मुळात ते तुला दिसलंच नसेल.'

सिनेमावरचा लेख काढला. कादंबरीत नसलेलं एक दृश्य दिग्दर्शकानं घातलं होतं: सगळे उठून गेल्यावर नायकाची बायको एकटी जेवते, दोन मिनिटं, एक शब्द नाही. तिऱ्हाईतानं लिहिलं होतं, निदान सिनेमावाल्यांना स्वयंपाकघराचं दार सापडलं. वडिलांनी तो अंक फाडून टाकला होता. आणि बाई तेच दृश्य वीस वर्षं वर्गात दाखवत होत्या. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कमरेच्या उंचीवर का आहे, सगळं सांगायच्या. दार कोणाला सापडलं होतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

वाचता येणं हाच त्यांचा धंदा होता, आणि समोरचं अक्षर वाचता आलं नव्हतं.

आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वय एक्क्याऐंशी, कान तिखट. बाई दुपारी पोचल्या तेव्हा ती खिडकीपाशी बसून उशीचे अभ्रे उलटे करून शिवत होती. बाईंनी चप्पल न काढताच विचारलं.

"आई, तिऱ्हाईत कोण होता?"

आईनं दोरा दातानं तोडला. "चप्पल काढ आधी."

बाईंनी चप्पल काढली.

"कोणी सांगितलं तुला? मावशी तर गेली."

बाई भिंतीला टेकल्या. त्यांना वाटलं होतं आई हसेल, रागावेल, निदान 'वेड लागलंय का' म्हणेल. "मशीननं सांगितलं," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "तुझी पत्रं घातली होती त्यात."

"मांजराची?" आईला खरंच नवल वाटलं. "त्यात काय सापडलं?"

"तू का केलंस असं?"

आईनं अभ्रा बाजूला ठेवला. "पहिल्या कादंबरीची सुवाच्य प्रत मीच केली. सगळ्यांच्याच केल्या. तेव्हा यांना म्हटलं, तुमच्या या नायिकेला आत काहीच नाही हो, नुसती खुंटीवरची साडी आहे. तर म्हणाले, तू ऱ्हस्वदीर्घ बघ." ती सांगत होती दुसऱ्या कोणाची गोष्ट असल्यासारखी. "मग मी लिहून काढलं. मावशीच्या पत्त्यावरून पाठवलं. छापतील असं वाटलं नव्हतं. छापलं. आणि हे रात्रभर येरझाऱ्या घालत होते. मी बोलले तर ऱ्हस्वदीर्घ, आणि तेच तिऱ्हाईत बोलला तर झोप नाही."

"तुझ्यामुळे त्यांचं लिहिणं थांबलं, आई."

"थांबलं नाही."

आई उठली, गुडघे धरत कपाटापाशी गेली आणि चादरींच्या खालून एक जाड गठ्ठा काढला. वडिलांचं अक्षर होतं, आणि समासात आईचं.

"नवव्या लेखानंतर यांनी नववी कादंबरी लिहिली. मला दाखवली नाही. त्रैमासिकाच्या संपादकांना गळ घातली आणि त्यांच्यामार्फत तिऱ्हाईताला पाठवली, वाचून मत द्या म्हणून."

बाई जमिनीवरच बसल्या.

"मावशीचा निरोप आला, तुझ्या नवऱ्याचं बाड आलंय म्हणून. तिच्याकडे तीन दुपारी बसून वाचलं. चांगलं होतं ग. बायको माणूस झाली होती. पण शेवट खोटा होता. मी सहा पानी पत्र लिहिलं, मावशीनं ते आपल्या अक्षरात उतरवून पाठवलं. चौथ्या दिवशी यांना मिळालं आणि जेवताना त्यांनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाले, बघ, वाचणारा असा असतो."

"आणि तू?"

"मी वाढत होते," आई म्हणाली. "एक वाक्य त्यांनी गाळलं. मी लिहिलं होतं, हे तुम्ही घरात कोणाला वाचायला दिलंत का? तेवढं सोडून पुढे गेले. मला कळलं ते, पण त्यांना काय म्हणणार?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, टूं टूं आवाज येत होता. आईनं खिडकी लोटून घेतली.

"तीन आठवड्यांनी बाड माझ्यापुढे ठेवलं. प्रत करायला नको, म्हणाले, वाच. मी पुन्हा सगळं वाचलं, पहिल्यांदा वाचल्यासारखं. आणि काय सांगणार? तेच सांगितलं. शेवट खोटा आहे. हे माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, तिऱ्हाईतही असंच म्हणतो. बस, एवढंच. पुन्हा त्यांनी तिऱ्हाईताला पत्र टाकलं नाही. शेवट लिहायचा, मी नाही म्हणायचं, पुन्हा लिहायचा. अकरा वर्षं आमचं तेच चाललं होतं. तू आलीस की बाड चादरींखाली."

"त्यांना कळलं होतं?"

"मी विचारलं नाही. त्यांनीही नाही."

"अकरा वर्षांत?"

"विचारलं असतं तर कोणीतरी एक थांबलं असतं."

बाईंना रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. डोकं नुसतं सुन्न झालं होतं. लहानपणापासूनचं घर कोणीतरी उचलून दुसऱ्या तोंडानं ठेवावं तसं वाटत होतं. खोल्या त्याच, पण उजेड भलतीकडून. बाबांचा विनोद आठवला, किल्ली हरवल्यावरचा, आणि आईचं हसणं. ते हसणं आता कसं वाचायचं?

त्यांनी तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. "प्रस्तावना थांबवा," त्या म्हणाल्या. पलीकडून प्रकाशक सांगत होता, छपाई सोमवारी आहे, आता काही बदलता येणार नाही. "मग सोमवारी छापू नका. मी चुकीचं लिहिलंय. चुकीचं म्हणजे पार उलटं." प्रकाशक कारण विचारत होता. त्यांनी फोन ठेवला.

"नऊ लेखही संचात घेऊ या," त्या आईला म्हणाल्या. "तुझ्या नावानं."

आईनं बराच विचार केला. "माहेरचं नाव घाल. नाहीतर म्हणतील, नवऱ्यानंच लिहून दिले."

संच सहा महिने उशिरा निघाला, नऊ लेखांसह, आईच्या माहेरच्या नावानं. नवी प्रस्तावना चार पानांची होती. वडिलांच्या मित्रांपैकी दोघांनी बाईंशी बोलणं सोडलं, आणि एकानं, म्हातारपणी आईला असं उघडं पाडायला लाज कशी वाटली नाही, असं लिहून पाठवलं. आईनं ते पत्र वाचलं आणि त्यातला एक ऱ्हस्व दीर्घ केला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आईनं चहा टाकला आणि बाड बाईंच्या मांडीवर ठेवलं. शेवटाचे सतरा खर्डे होते, टाचणीनं वेगवेगळे लावलेले.

"यातले तीन ठीक आहेत," आई म्हणाली. "कुठले ते मी सांगणार नाही. तू वाच."

बाईंनी पहिलं पान उघडलं. डाव्या समासात, फिक्या शाईत, आईच्या अक्षरात 'मुळात' असा एकच शब्द होता आणि पुढचं खोडलं होतं.