बाटलीनं माझी जागा घेतली

मी बोलतोय, जयाच्या परसातला फवारणीचा पंप. पिवळा, दोन लिटरचा. सध्या जिन्याखाली खिळ्याला टांगलेला आहे. आणि खरं सांगू? जळून राहिलोय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. चंपतरावांच्या पिशवीतून शहरात, नंदनवन वस्तीतल्या या घरी आलो, ते आठवतं. चंपतराव म्हणजे जयाचे सासरे, गावाकडे कपाशी करतात. शेतातलं उरलेलं औषध त्यांनी सोबत आणलं होतं, सुनेच्या वांग्या-टोमॅटोच्या झाडांसाठी. माझा दट्ट्या दाबला की पानांवरची मावा कीड पटापट गळायची. काय थाट होता तेव्हा माझा!

एक दिवस सकाळी फवारणी झाली आणि दुपारी तीन वर्षांच्या भूमिकानं टोमॅटो तोडून तसाच तोंडात घातला. जया ओरडतच धावली. पोरीला उचललं आणि थेट धंतोलीचा दवाखाना गाठला. पोरगी सुखरूप परतली, पण जयाच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

मग परसात नवीनच सुरू झालं. भाजीची सालं, वाळली पानं भोकं पाडलेल्या माठात जाऊ लागली. त्याचं खत होतं म्हणे. टोमॅटोजवळ झेंडू लागला. तेही ठीक. पण कोल्ड्रिंकची रिकामी बाटली? तिच्या झाकणाला जयानं तापल्या सुईनं भोकं पाडली, आत कडुनिंबाच्या पाल्याचं गाळलेलं पाणी भरलं, आणि झाली ती फवारणीवाली! नळी नाही, दट्ट्या नाही. पोट दाबलं की चिर्र करते. मावा जायला चार-चार दिवस लावते. तरी भूमिका तिला कडेवर घेऊन फिरते. मला कोणी घेतलं होतं कधी कडेवर?

दिवाळीनंतर चंपतराव आले.

"काहून वं जया, पंप काहून टांगला?"

"भूमी झाडाचंच तोडून खाते, मामाजी. मले भेव लागते."

"आमी जन्मभर फवारलं. मेलो का?"

"मंग डोळे जळतात म्हणून फोनवर रोज कोण सांगते?"

चंपतराव हसले. "बरं बाई. साबणानं धुऊन घे याले. निंबाचं पाणी याच्यातच भर."

मी फुलून गेलो. जयानं मला धुतलं, उन्हात ठेवलं, झाकण काढून वास घेतला. पुन्हा घेतला.

"नाही मामाजी. वास मुरला याच्यात."

"मंग मले दे वं," कुंपणापलीकडून सुभद्राकाकू म्हणाल्या. "माह्या गुलाबाले होईल."

मी एका पायावर तयार होतो. जयानं कात्री आणली आणि माझी नळीच कापली. "राग नका मानू काकू. भूमी तुमच्याकडंबी खेळते."

आता कचऱ्याच्या गाडीची वाट बघतोय. तिकडे भूमिका टोमॅटो तोडते, फ्रॉकला पुसते, खाते. जया भांडी घासत असते, मानही वर करत नाही. एवढी निश्चिंती मी तिला एक दिवसही देऊ शकलो नाही. जळू नको तर काय करू?

एकच मागणं आहे. मला ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळा द्या. आणि कोणी नवी नळी बसवून मला घरी न्यायला निघालंच, तर आधी विचारा त्याला, घरात लेकरू आहे का?