शिपायाच्या मिशा

दिवाळीची साफसफाई चाललेली. कपाटावरून ईश्वरचा लहानपणचा शिपाई खाली आला आणि पिंकीने तो पळवला. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने परदेशातून आणलेला, कोपरं-गुडघे वाकणारा. आमची पिंकी दीड वर्षाची. दिसेल ते तोंडात. मी झडपच घातली.

"अगं, सांभाळून!" ईश्वर धावला. मुलीसाठी नव्हे, शिपायासाठी. "त्याच्या मिशा बाबांनी काढल्यात."

सासरे मी पाहिलेच नाहीत. घरात त्यांचा एक फोटो आणि या मिशा.

"काशीमिऱ्याच्या हायवेची सगळी धूळ बसलीय याच्यावर. उकळून घेते."

"उकळून?"

"दुधाच्या बाटल्या उकळतेच की."

"हातपाय गळून पडतील त्याचे!"

खरं होतं. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली मी, पण पिंकी झाल्यापासून प्रत्येक वस्तू उकळावीशी वाटते. शेवटी कोमट पाण्यात तिच्या शाम्पूचा थेंब टाकला. आधी शिपायाचा तळवा पुसून पाहिला. रंग हलला नाही. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने पाठ, पट्टा, बुटांच्या खाचा. सांध्यांत लोखंडी तार, ती गंजायला नको म्हणून तिथे फक्त ओलसर कापूस. मिशांना तर हातच लावला नाही.

"ऑपरेशन चाललंय का गं?" देव घासता घासता सासूबाईंनी विचारलं.

"आई, चिंचेचे हात इकडे आणू नका हं!"

टिपून, सावलीत टॉवेलवर ठेवला. काय उजळला होता! पाणी ओतून येते, तर पिंकीने त्याचा मुका घेतलेला. शिपाई सफाचट. मिशा पिंकीच्या ओठांवर.

ईश्वरचा चेहरा पडला. मला मात्र घाम फुटला. "थुंक, पिंकी! अहो, जुन्या रंगात शिसं असतं, डॉक्टरकडे चला!" एका पायात चप्पलसुद्धा घातली मी.

"बस गं, उर्मिला," सासूबाई म्हणाल्या. "काजळ आहे ते. मी घरी धरलेलं, तिच्या डोळ्यांत घालतो तेच."

"काजळ?" ईश्वर म्हणाला. "बाबांनी तर रंगाने..."

"त्यांनी रंगानेच काढल्या होत्या. पहिल्याच दिवाळीला देवांबरोबर यालाही चिंचेने घासला मी. गेल्या मिशा! तू शाळेतून यायच्या आत काजळाने काढल्या. तेव्हापासून दर दिवाळीला काढतेय."

"बाबांना माहीत होतं?"

"तेच तर धरून बसायचे शिपायाला. हलू नये म्हणून."

ईश्वर असा हसला, की पिंकीही मिशांसकट खिदळायला लागली. तो खाली बसला, शिपायाला दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि म्हणाला, "काढ, आई."

आईंनी काजळाची डबी उघडली, काडी उचलली.

"आई," मी विचारलंच, "काडी धुतलीय ना?"