उजवीकडचा उशीर

कारखाना सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी सोल्डरिंगची कांडी हातात आली की मावशींची पाठ आपोआप ताठ होई आणि श्वास एका लयीत चालू लागे. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना मावशीच म्हणत, आणि नवऱ्याला मास्तर. मास्तर शाळेत गाणं शिकवीत, मावशी कानाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तारा जोडीत. ऐकू न येणाऱ्यांसाठी दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी घरी येऊन ज्याचं ऐकावं तो आपलं ऐकत नाही, असं त्या हसत हसत म्हणत. त्यावर मास्तर गिटार काढीत.

लग्नानंतर त्यांनीच मावशींना गिटार शिकवली होती. दोघांसाठी म्हणून एक चालही बांधली होती. खिडकीपाशी दोन खुर्च्या, डावी मावशींची, उजवी मास्तरांची, आणि प्रत्येक खुर्चीमागे एकेक स्पीकर. मावशींनी सूर धरायचा आणि मास्तरांनी तोच सूर किंचित मागून उचलायचा, अशी त्या चालीची बांधणी होती. पण मास्तर ठरल्यापेक्षाही मागे राहात आणि मधल्या अवघड वळणावर त्यांचा एक सूर हमखास गळून पडे. एवढा शिकवणारा माणूस, पण स्वतःच बांधलेल्या त्या वळणावर दर वेळी अडखळायचा. मग चाल थांबे, ते गिटारच्या लाकडावर नखानं टकटक करीत, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. "तू पुढे आहेस ना, मग मला कशाची घाई," असं म्हणत. सगळ्या संसारात ती चाल एकदाही शेवटपर्यंत गेली नाही.

मास्तर गेले तेव्हाही ती अर्धीच होती.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. आईनं आपल्याकडे येऊन राहावं असा तिचा लकडा लागला होता, आणि जावईही भला होता. मावशींचं अडत होतं ते एकाच गोष्टीवर. तेराव्या दिवशी त्यांनी देवापुढे मनाशी बोलून ठेवलं होतं, की ती चाल एकदा, दोघांची म्हणून, शेवटापर्यंत वाजवीन आणि मगच या घराला कुलूप लावीन. बोललेलं मोडायची त्यांना सवय नव्हती. लेकीला त्यांनी इतकंच सांगितलं, की एक काम राहिलंय, तेवढं झालं की येते.

पण दोघांची म्हणून वाजवायची कशी, हा प्रश्न होताच. तो सोडवला बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानदारानं. त्यानं एक साधं डिले पेडल बनवायचं सुचवलं. गिटारचा आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक वाट सरळ डाव्या स्पीकरला. दुसरी एका चिपमधून उजव्या स्पीकरला. चिप आवाज जरा वेळ धरून ठेवते आणि मग सोडते, म्हणून उजवीकडे तोच सूर मागून येतो. किती मागून हवा, असं त्यानं विचारलं, तेव्हा मावशींनी काउंटरवर बोटानं दोन टिचक्या मारून दाखवल्या. मधलं अंतर त्यांना पाठ होतं.

"काकू, लोक माझ्याकडे उशीर काढून टाकायला येतात," दुकानदार म्हणाला, "उशीर विकत घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"घरात होता तो संपला," मावशी म्हणाल्या.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ते पेडल जमवलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, बटणं बसवली, बोर्डावर एकेक भाग उभा करून सोल्डरचे गोल, चकचकीत ठिपके दिले. एकही ठिपका वाहिला नाही, की जळला नाही. झाकणाचे स्क्रू लावले आणि दिवेलागणीला, हात जोडून, त्या डाव्या खुर्चीत बसल्या.

पहिला सूर डावीकडे उमटला. खोलीत क्षणभर काहीच नव्हतं. आणि मग उजव्या खुर्चीमागून तोच सूर आला, थोडा मऊ, थोडा जाडसर, नेमका तितकाच उशिरा.

त्या दिवशी मावशी चार ओळींपुढे गेल्या नाहीत. डोळे पुसायला गिटार खाली ठेवावी लागली.

पुढे रोज त्याच वेळी बसायचा त्यांनी नेमच केला. दिवस बरे जाऊ लागले. भाजी चिरतानाही त्यांच्या तोंडात चाल असे, आणि शेजारीण म्हणाली की मावशी, रंग उजळलाय तुमचा. एका संध्याकाळी त्या पहिल्यांदाच अवघड वळणापर्यंत पोचल्या. त्यांनी सगळे सूर स्वच्छ वाजवले. उजवीकडून ते सगळे आले, एक सोडून. जो मास्तरांचा गळायचा, तो.

मावशींचे हात थांबले. कुठलातरी जोड ढिला असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि ढिल्या जोडाला नेमका तोच सूर कसा कळला, हा विचार पुढे जाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचंच बोट घसरलं आणि तार बेसूर वाजली. उजवीकडून आला तो बरोबर सूर. त्यानंतर एकदा दाराची घंटा वाजली म्हणून त्या मध्येच थांबल्या. तारांवर तळहात ठेवून त्या दाराकडे पाहात असताना उजवीकडची ओळ आपल्या चालीनं, सावकाश, पुरी झाली. मग लाकडावर नखानं टकटक झाली.

दारात दूधवाला होता. मावशींनी दूध घेतलं, त्याच्या आजारी बायकोची चौकशी केली, दार लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यांना भीती वाटली नाही, असं नाही. पण भीतीच्या आधी जे वाटलं ते सुख होतं, आणि भीती त्याच्यामागे, जरा उशिरा आली. एवढी वर्षं देवाकडे हट्टानं काही मागितलं नव्हतं. न मागता दिलंय तर विचारायचं कशाला, असं म्हणून त्या देवासमोर जरा जास्त वेळ बसू लागल्या.

रविवारी न्यायला येते, असा लेकीचा फोन आला. मावशी हो म्हणाल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. वळणावर सूर गळला की चाल थांबणार, आणि चाल थांबली की बोललेलं राहणार. त्यांनी दुकानदाराला फोन करून एक सूर गळतोय एवढंच सांगितलं. चिप तिच्या खाचेत, सॉकेटमध्ये, नीट दबली नसेल, डबा उघडून अंगठ्यानं घट्ट दाबा, असं तो म्हणाला.

दुपारच्या उजेडात त्यांनी झाकण काढलं. अंगठा पुढे केला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

सॉकेट रिकामं होतं.

कारखान्यात मावशींचं टेबल शेवटून दुसरं होतं. त्यांनी रिकामी सॉकेटं जोडायची, झाकणाचे स्क्रू अर्धे लावून डबी पुढे सरकवायची आणि शेवटच्या टेबलावरच्या बाईनं नाजूक चिप बसवायची, अशी तिथली रीत. चिपला गरम कांडीची धग लागू नये म्हणून. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तसंच काम केलं होतं, आणि हातांनी इथेही तेच केलं. चिप बसवण्याचं काम त्यांचं कधी नव्हतंच. त्यांनी शिवणाचा डबा उघडला. त्यांनीच जपून ठेवलेली चिप तिथे होती, दुकानदारानं दिली तशी, काळ्या स्पंजात पाय रुतवून, अगदी कोरी.

बराच वेळ त्या ती तळहातावर घेऊन बसल्या. बसवली असती तर पेडल दुरुस्त झालं असतं. वाजवावं तसं मागून आलं असतं, सूर गळला नसता, चाल पुरी झाली असती, आणि लेकीचा हात धरून निघता आलं असतं. पण उजवीकडून जे आलं असतं ते मावशींचंच असतं. खोलीत मग एकच माणूस उरला असता.

त्यांनी चिप पुन्हा स्पंजात रोवली, शिवणाच्या डब्यात सुयांखाली ठेवली आणि झाकणाचे स्क्रू आवळले. या वेळी पुरते.

रविवारी लेक आली, तिनं बॅगा भरल्या, दारापाशी ओळीनं लावल्या. आई बिस्किटाच्या डब्यातून काय काय काढील याचा नेम नाही, असं म्हणत हसली. गाडीला वेळ होता. राहिलेलं काम म्हणजे हे होय, असं म्हणून ती पलंगाच्या कडेला बसली आणि लहानपणी बसायची तशी भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.

"वाजव. पण पूर्ण झालं की लगेच निघायचं हं."

मावशींनी हात जोडले आणि सुरू केलं. ओळीमागून ओळ जात होती. संध्याकाळचा उजेड उजव्या खुर्चीच्या हातावर येऊन थांबला होता. वळण जवळ आलं तशी मावशींनी मान खाली घातली आणि वाट पाहिली. आज तो सूर गळला नाही. मास्तरांच्या उभ्या आयुष्यात जो कधी लागला नव्हता, तो भरदार, निवांत लागला आणि चाल वळण ओलांडून पुढे निघाली. आता शेवट फार लांब नव्हता.

"आई," लेक डोळे न उघडता हळूच म्हणाली, "उजवीकडचं किती सुंदर येतंय. डावीकडचं तेवढं मागे पडतंय. आणि पुसट होत चाललंय."

डावीकडची वाट सरळ होती. तिथे मागे पडण्यासारखं मावशींखेरीज काहीच नव्हतं.

मावशींनी खाली पाहिलं. तार थरथरत होती. त्यांचं बोट अजून तिच्यापर्यंत पोचायचं होतं.