दुधाळ रक्त

त्या सकाळी प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थिनीने आपलंच रक्त तपासायचं होतं. रात्रीपासून उपाशी या, असं बाईंनी बजावलं होतं. गरगर फिरणारं यंत्र थांबलं आणि नळ्या बाहेर आल्या. सगळ्यांच्या नळीत खाली लाल आणि वर फिकट पिवळं पाणी होतं. घरी जिला सगळे धाकटी म्हणत, तिच्या नळीत मात्र वर पांढरंफेक, साय धरल्यासारखं काहीतरी.

"हिच्या अंगात रक्त आहे की दूध?" शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या, धाकटीसुद्धा. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं. "सकाळी काय खाल्लंस?"

"काहीच नाही."

"ही चरबी आहे. साखरेत असतात तेच कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे अणू, फक्त जुळणी वेगळी. जेवल्यावर ती रक्तात उतरते आणि एक प्रथिन तिचे तुकडे करून रक्त साफ करतं. तुझं ते प्रथिन कामचुकार दिसतंय. मी डॉक्टर नाही, पण आजच दाखव. अशाने स्वादुपिंड सुजतं. घरात कुणाला पोटदुखी?"

"आई त्यानेच गेली. मी पाच दिवसांची होते. बाळंतपण बाधलं म्हणतात."

"भावंडं?"

"एकच ताई. तिला आठवा महिना आहे."

बाईंनी नळी हळूच स्टँडमध्ये ठेवली. "गरोदरपणात ही चरबी वाढतेच. फोन लाव तिला. आत्ता."

ताईनेच धाकटीला लहानाची मोठी केली होती. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. पण तिला मधेमधे थांबावं लागत होतं. "पित्त झालंय. कालपासून कळ येते, थेट पाठीत जाते."

"दाजींना फोन दे."

"उगाच त्यांच्या जिवाला घोर नको."

"दे म्हणतेय ना."

असा आवाज ताईने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने मुकाट्याने फोन दिला.

धाकटी धापा टाकत दवाखान्यात पोहोचली, तेव्हा नर्स ताईच्या रक्ताची नळी डॉक्टरांसमोर धरून उभी होती. तिच्यातही वर तीच पांढरी साय होती.

"काल का नाही आणलंत?" डॉक्टरांनी दाजींना विचारलं.

दुपारी सिझेरियन करून मुलगी काढली, मूठभर जीव. ताई सहा दिवस शुद्धीत नव्हती. सातव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं नाही, बाळ मागितलं.

बाळ आणलं. भुकेने ते तोंड वळवून वळवून शोधत होतं. ताईचा गाऊन छातीवर ओला झाला होता. तिने बटणाला हात घातला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "बाळाचंही रक्त तपासायला दिलंय, हा दोष तिच्यातही असू शकतो. रिपोर्ट येईपर्यंत वेगळं, बिनचरबीचं दूध देऊ."

"माझं दूधही नको?"

"त्यातही चरबी असते," डॉक्टर म्हणाले. धाकटीने बाळाला उचलून घेतलं. ते रडायला लागलं आणि ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं.