ब तुकडीतली मुंगी

परीक्षा मुंगीची होती आणि घाम मला फुटला होता.

मुंगी म्हणजे माझ्या ताईची लेक. दुसरीत, ब तुकडीत. लहानखुरी, सतत कुठेतरी लगबगीने निघालेली, म्हणून मुंगी. तिने आज वाचताना अडखळावं, शब्दाशब्दाला ठेचकाळावं, अशी तिची सख्खी मावशी शाळेच्या वाचनालयात कपाटाआड बसून मनोमन प्रार्थना करत होती. लाज वाटत होती मला. पण प्रार्थना काही थांबत नव्हती.

शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. हे प्रकरणच असं आहे. ताईच्या ओळखीने या शाळेत परवानगी मिळाली. चिठ्ठी टाकली, तर नवी पद्धत अ तुकडीच्या वाट्याला आली. मुलांनी घरचं काहीबाही बोलायचं, बाईंनी तेच फळ्यावर लिहायचं, आणि ज्याचं वाक्य त्याने वाचायचं. ब तुकडी जुन्याच वाटेने, धड्यामागून धडा. वर्षाअखेर दोन्हींचं वाचन तपासायचं. अ पुढे गेली तरच माझा प्रबंध उभा राहणार. आणि ब ला नव्या पद्धतीचा वाराही लागता कामा नये. माझे मार्गदर्शक सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "वारा लागला की संपलं. मग आपण काय मोजलं ते देवालाच ठाऊक."

राहते मी ताईकडेच. नोकरी सोडून अभ्यासाला बसले तेव्हा भावोजींनी बाहेरच्या खोलीत टेबल लावून दिलं. एकदा मुंगी त्या टेबलाशी गोष्टीचं पुस्तक घेऊन आली.

"मावशी, हे काय लिहिलंय?"

मी पुस्तक मिटलं. "शाळेत बाईंना विचार."

ती आणखी काही वेळा आली, मग यायची बंद झाली. ताईने भाजी चिरता चिरता विचारलं, "जगाच्या पोरांना शिकवतेस, घरातलीचंच वावडं आहे का गं तुला?" मी म्हटलं, नियम आहे. "तुझा नियम तुझ्यापाशी," ती म्हणाली आणि सुरी जरा जोरातच चालवली.

वाचन तपासायला मुद्दाम बाहेरची बाई बोलावली होती. कोणतं मूल कुठल्या तुकडीचं, हे तिला ठाऊक नव्हतं. सकाळपासून ब ची चारपाच मुलं धडाधड वाचून गेली होती. सगळी आमच्याच इमारतीतली. ते काही मला गोड लागलं नव्हतं. आता तिने मुंगीपुढे कागद ठेवला.

"कर सुरुवात, बाळा."

मुंगी वाचायला लागली. म्हातारी खिडकी उघडते, मांजर आत येतं, म्हातारी त्याला रागावते. म्हातारीचं बोलणं तिने म्हातारीच्या आवाजात वाचलं. एक अवघड जोडाक्षर आलं, मला वाटलं इथे तरी अडेल. ती टुणकन पुढे गेली. मांजराच्या उत्तराला तर स्वतःच हसली.

मधल्या सुट्टीत तपासणाऱ्या बाई चहाला गेल्या आणि मी मुंगीला वाचनालयातच गाठलं.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आम्ही जिन्यात शाळा-शाळा खेळतो. वरच्या मजल्यावरची मुलगी बाई होते. ती अ मधली आहे ना! आम्ही बोलायचं, ती पायरीवर खडूने लिहिते. ज्याचं वाक्य त्याने वाचायचं. चुकलं की एक पायरी खाली."

वर्षभर मी त्या खडूवर चपला घासत वर गेले होते. पोरांच्या रेघोट्या, दुसरं काय! वाचनावर प्रबंध लिहिणारी मी, एकदाही वाकून वाचलं नाही.

"तुझं पहिलं वाक्य कोणतं होतं?"

ती फ्रॉकच्या बटणाशी चाळा करत म्हणाली, "मावशी मला वाचून दाखवत नाही."

तेवढ्यात सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"त्या इमारतीतली मुलं वगळा," ते म्हणाले. "कारण काय, गैरहजेरी दाखवा. नाहीतर नवी शाळा शोधा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. झेपेल?"

"कळवते," मी म्हटलं. झेपणार नव्हतं. आणखी वर्षभर तिच्याकडेच राहायचं तर ताईला काय सांगायचं, हेच आधी मनात आलं.

मुंगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"मी चांगलं वाचलं म्हणून तुझं वाईट झालं का?"

"नाही गं."

"झालंय." तिने टेबलावरचा कागद उचलला. "त्या बाईंना परत बोलाव. मी पुन्हा वाचते." कागद डोळ्यांजवळ नेऊन तिने सुरुवात केली. "म्हा... म्हाता... खि... खिड..."

छान जमत होतं तिला अडखळणं. मध्येच थांबून ती माझ्याकडे बघत होती, एवढं पुरे का, म्हणून.

मी तिच्या हातून कागद काढून घेतला. डोळे भरून आले होते, नंबर नीट दिसेना. तरी सरांना फोन लावला.

"सर, एकही मूल वगळायचं नाही. जे झालं तेच लिहीन. पुन्हा सुरुवात करावी लागली तर करीन."

ते काहीतरी बोलत होते. मी फोन ठेवला.

"मग आता मी काय वाचू?" मुंगीने विचारलं.

मी कपाटातून गोष्टीचं एक पुस्तक काढलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसले.

"तू नको," मी म्हटलं. "आता मी वाचते."