दाइफुकुचा घास

जपानात, कोतोतल्या फ्लॅटमध्ये बसून सील मोजायचं काम मिळेल, असं पुण्यात प्राणिशास्त्र शिकताना कुणी सांगितलं असतं तर कल्पना हसली असती. नवरा सॉफ्टवेअरवाला. त्याच्या कंत्राटामागून ती आली आणि एका संशोधन संस्थेचा हा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, तिच्या पदरात पडला. मार्चमध्ये होक्काइदोच्या उत्तरेला, तरंगत्या बर्फावर पट्टेरी सील वितात. तिथे बोटीवरून ड्रोनने काढलेले फोटो जूनमध्ये तिच्याकडे आले. डोळ्यांत तेल घालून पिल्लं मोजायची, एवढंच.

बर्फाच्या एका लादीवर एकटंच पांढरंशुभ्र पिल्लू होतं. कल्पनाने हौसेने ते सहा वर्षांच्या ओवीला दाखवलं आणि तिथेच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. ओवीने त्याचं नाव दाइफुकु ठेवलं; त्या नावाची, तांदळाची तशीच गोल पांढरी मिठाई तिला फार आवडायची. जेवणाच्या नावाने मात्र बोंब. आता आईला आयतंच साधन मिळालं. हा घास दाइफुकुचा म्हटलं की भेंडीसुद्धा मुकाट आत जायची. ताट रिकामं झालं की एक फोटो. ओवीला वाटायचं, फोटो त्याच दिवशीचा आहे. कल्पनानेही तसं वाटू दिलं.

पांढरी लव गळेपर्यंत या पिल्लांना पाणी सोसत नाही, महिनाभर तरी बर्फ टिकायला हवा, हे तिने लेकीला सांगितलं होतं. बर्फातल्या फटी ओळखायलाही शिकवलं होतं. नाव ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ओवी शाळेत असताना, तिने त्या पिल्लाचे उरलेले फोटो उघडले. नवव्यात लादीचे तुकडे होते आणि पाण्यात पिल्लाच्या आईचं डोकं. पिल्लू कुठेच नव्हतं. बोटीवरच्यांना जवळ जायची मनाई. ते मोजायला गेलेले. कल्पना खुर्चीतच रडली, मग उठून तिने आमटीला फोडणी दिली.

नवव्या दिवशी तिने आठवाच फोटो पुन्हा लावला.

ओवीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "आई, ही फट कालच्याच जागी आहे."

मग सगळं सांगावं लागलं, मार्चपासूनचं. एरवी जपानीत उत्तर देणारी पोर मराठीत म्हणाली, "म्हणजे मी त्याचा घास खायचे, तेव्हा तो नव्हताच?"

दुसऱ्या दिवशी ओवी ताटावर बसली, पण हात लावेना. कल्पनाने भाताचा घास उचलला. तो कुणाचा म्हणावं, हे तिला सुचेना.